भ्रमनिरासाची दृश्यं: एकेक सांगा, पण नीट बघून सांगा

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी ७:१०

नमस्कार मंडळी,

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. सांगलीत आमच्या भागातल्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत महिन्यातून दोन शनिवारी आम्ही दहा-पंधरा जण जमतो. अख्खा सिनेमा बघत नाही. एकच दृश्य, सात-आठ मिनिटांचं, आणि तेही दोनदा. पहिल्यांदा आवाज बंद करून, मग आवाजासकट. नंतर बोलायचं. नियम एकच: 'मला काय वाटलं' हे मागाहून, आधी 'मला काय दिसलं' ते सांगायचं.

गेले पाच-सहा महिने आम्ही एकच विषय धरून बसलोय. ज्यावर माणसाने आयुष्य लावलं त्यातला जीव निघून जातो, तेव्हा पडद्यावर नेमकं काय होतं? आणि त्यानंतर तो माणूस कशाला हात घालतो?

विषय माझ्याच डोक्यातून आला, तेव्हा कारणही सांगतो. मी चौदा वर्षं गाणं शिकलो. पहाटे उठून खर्ज भरायचा, संध्याकाळी नोकरीवरून थेट गुरुजींकडे. एका पावसाळ्यात तानपुरा गवसणीत घातला, तो परत काढला नाही. भांडण नाही, आजार नाही, गळाही शाबूत. फक्त एक दिवस कळून चुकलं की कानात जे गाणं वाजतं ते माझ्या गळ्यात उतरणार नाही. घरच्यांना सांगितलं, 'सध्या जमत नाही.' ते 'सध्या' आता एकवीस वर्षांचं झालंय.

म्हणून चैतन्य ताम्हाणेंचा 'द डिसायपल' (२०२०) मी पहिल्यांदा बघितला तेव्हा अर्ध्यातच बंद केला. दुसऱ्या दिवशी उरलेला बघितला. शरद नेरुळकर हा तरुण गवय्या, आदित्य मोडक यांनी केलेला. सिनेमा त्याला चोविशीत भेटतो आणि छत्तिशीपर्यंत सोबत चालतो. रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावरून तो मोटरसायकल चालवतोय, कानात माईंच्या, म्हणजे त्याच्या गुरूंच्या गुरूंच्या, जुन्या ध्वनिमुद्रित व्याख्यानांचा आवाज. गती इतकी मंदावलेली की मोटरसायकल रस्त्यावरून तरंगत चालल्यासारखी वाटते. मागे तानपुरा. साधनेबद्दल, एकटेपणाबद्दल, तडजोड न करण्याबद्दल माई बोलत असतात. तो आवाज चित्रपट दिग्दर्शक सुमित्रा भावेंचा आहे. सिनेमा एप्रिल २०२१मध्ये सगळ्यांना घरबसल्या बघता आला आणि त्याच महिन्यात सुमित्राताई गेल्या. त्यामुळे तो आवाज मला आणखीच लांबून येतोय असं वाटतं.

आम्ही हे दृश्य आवाज बंद करून लावलं तेव्हा काय झालं ते सांगतो. आवाज गेला की माई गेल्या, तानपुरा गेला. उरला काय? रात्री रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवणारा एक मुलगा. कुठे निघालाय माहीत नाही. चेहऱ्यावर काही नाही. आमच्यातल्या एका काकूंनी लगेच सांगितलं, 'ह्याला कुणीतरी घरी बोलवायला पाहिजे.' आवाजासकट लावल्यावर तोच मुलगा साधक वाटायला लागला. म्हणजे ती सगळी उंची कानातल्या आवाजाची होती! तो आवाज काढून घेतला तर त्याच्यापाशी काय राहतं, हेच तर पुढे सिनेमा दाखवतो. जुन्या ध्वनिमुद्रणांचा एक संग्राहक त्याच्या दैवतांबद्दल नको ते बोलतो आणि शरद पेल्यातलं पेय त्याच्या तोंडावर फेकतो. माझ्या मते श्रद्धा तिथे तुटत नाही. तिला तडा आधीच गेलेला असतो, म्हणून तर हात उचलला जातो.

मला इतक्या दिवसांत कळलेली गोष्ट एवढीच: चांगल्या दृश्यात भ्रमनिरास संवादात सापडत नाही. तो एखाद्या वस्तूत असतो, नाहीतर हाताच्या हालचालीत. आणि पुढे जगायला जे काही मिळतं, तेही बहुतेक वेळा तिथेच, त्याच वस्तूच्या आसपास असतं.

तर तुमच्याजवळचं एकेक दृश्य सांगा. कथा सांगू नका, दृश्य सांगा. शेवट उघड झाले तरी चालतील, सगळे सिनेमे जुने आहेत.

मृद्गंध | रविवार, सकाळी ९:३२

धागा आवडला. माझ्याकडून 'सिंहासन' (१९७९). अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेल दिग्दर्शक. निळू फुल्यांचा दिगू टिपणीस हा पत्रकार सिनेमाभर नुसता बघत असतो. सगळ्यांच्या घरात जातो, सगळ्यांचं ऐकतो, चेहरा कोरा. आणि शेवटी खुर्च्यांचा खेळ संपल्यावर रस्त्यावर एका भिकाऱ्यासोबत वेड्यासारखा हसत सुटतो.

ते हसू नीट बघा. पोटातून येत नाही, घशातून येतं. निळूभाऊंना आपण पडद्यावर इतका काळ गावचा खलनायक म्हणून बघितलं, पण त्यांच्या तोंडावरची ही असहाय्यता मला जास्त खरी वाटते. इथे मात्र अर्थबिर्थ काही मिळत नाही. नुसतं तुटणं आहे.

'अर्धसत्य'मध्ये (१९८३) पोलीस अधिकारी अनंत वेलणकर प्रेयसी ज्योत्स्नासमोर दिलीप चित्र्यांची कविता वाचतो तेही आठवलं. सुरुवात सहज, पुस्तकातलं काहीतरी वाचावं तशी. मग ओम पुरींचा आवाज हळूहळू जड होतो, आणि कविता आपल्याबद्दलच आहे हे त्याला वाचता वाचता समजतं. संपल्यावर तो काय बोलतो त्यापेक्षा मध्येच एका ओळीनंतर तो जो थांबतो ते महत्त्वाचं.

जुई_बेळगाव | रविवार, दुपारी १२:०५

कृष्णाकाठ, वस्तूबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यावरून मला लगेच शिक्का आठवला. 'इकिरू', म्हणजे जगणं. अकिरा कुरोसावा, १९५२.

मी एका स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कचेरीत एकतीस वर्षं काढली, आवक-जावक ते आस्थापना. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, सांभाळून घ्या.

वातानाबे हा नागरी कचेरीतला विभागप्रमुख. टेबलावर कागदांचे डोंगर, मागे कागदांचे डोंगर. तो एकेका कागदावर शिक्का मारतोय. शिक्क्याला शाई चिकटून खरकटं झालंय, पुसायला कागद हवा. तो खण उघडतो. आत एक जुनी टिपणी पडलेली आहे. कामकाज सुधारण्याची योजना, त्याची स्वतःची, तरुणपणी लिहिलेली. तो तिचं पान फाडतो, शिक्का पुसतो, पान टोपलीत टाकतो आणि पुढच्या कागदावर शिक्का मारतो.

बस्, एवढंच. तो थांबत नाही, उसासा टाकत नाही, त्या पानाकडे बघतही नाही. तीसेक वर्षांची नोकरी आणि हे अर्धं मिनिट. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा नोकरीत होते आणि माझ्याही खणात अशी एक टिपणी होती. जन्म-मृत्यूच्या दाखल्यांसाठी लोकांना तीन खिडक्या फिराव्या लागायच्या, त्या एकावर आणायच्या म्हणून लिहिलेली. साहेबांनी 'चर्चा करावी' असा शेरा मारून परत पाठवली, पुढे चर्चा कधीच झाली नाही. सिनेमा बघितला त्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता हे मला आजही आठवतं, कारण त्या दिवशी कचेरीत गेल्यावर मी आधी खण उघडून ती अजून आहे का ते बघितलं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक असेल. पोटाचा कर्करोग आहे हे वातानाबेला डॉक्टर सांगत नाहीत, शेजारी बसलेल्या एका रोग्याच्या बडबडीतून कळतं. मग तो पिऊन बघतो, रात्रभर भटकून बघतो, एका लेखकाच्या मागे नाचगाण्यांत जाऊन बघतो. काही हाती लागत नाही. कचेरीतली एक पोर नोकरी सोडून खेळण्यांच्या कारखान्यात गेलेली असते. हा तिच्या मागे मागे फिरतो. तिलाही आता त्याचा कंटाळा आलाय, थोडी भीतीही वाटते. एका उपाहारगृहात तो तिला विचारतो की तू एवढी जिवंत कशी? ती काय उत्तर देणार! ती पिशवीतून किल्लीचा ससा काढते आणि टेबलावर सोडते. ससा टुणटुण उड्या मारत त्याच्याकडे येतो. मी असले ससे बनवते, म्हणते, आणि देशातल्या सगळ्या पोरांशी आपली ओळख झाल्यासारखं वाटतं.

तो ससा उचलून जिन्याने उतरतो. पलीकडे कॉलेजातली पोरं वाढदिवसाचं गाणं म्हणत असतात. ज्या मुलीचा वाढदिवस आहे ती वर येतेय आणि हा खाली चाललाय. गाणं तिच्यासाठी आहे, पण लागू त्याला पडतं. आवाज बंद करून बघाल तर हे हरवेल, इथे तुमचा नियम मोडावा लागेल.

आणि मग तो कचेरीत जातो, धूळ खात पडलेला एक अर्ज काढतो. वस्तीतल्या बायकांचा, घाण पाण्याचं डबकं बुजवून तिथे मुलांसाठी बाग करा असा. सुरुवातीला ह्याच बायकांना एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे असं अख्ख्या इमारतीतून फिरवलेलं असतं. ती फिरवाफिरवी बघून मी खुर्चीत बसू शकले नव्हते, कारण मी तशी माणसं फिरवली आहेत.

अर्थ शोधायला त्याला बाहेर कुठे जावं लागलं नाही. त्याच टेबलावर होता, कागदांच्या खाली.

खर्ज | रविवार, दुपारी १:४८

जुईताई, खणातल्या टिपणीचं वाचून कसंसंच झालं. ती अजून आहे का?

जुई_बेळगाव | रविवार, दुपारी २:२०

निवृत्तीच्या दिवशी घरी आणली. गव्हाच्या डब्यावरच्या फळीवर जुन्या कागदांत आहे.

वाटसरू | रविवार, रात्री ९:१५

मला एक विरोधी सूर लावू दे. हे सगळं वाचताना वाटतं की भ्रमनिरास ही पोट भरलेल्यांची गोष्ट आहे. गाणं जमलं नाही, नोकरीत जीव रमला नाही. ज्यांना भ्रम बाळगायलाच मिळाला नाही त्यांचं काय?

ताम्हाणेंचाच 'कोर्ट' (२०१४) घ्या. लोकशाहीर नारायण कांबळे, वीरा साथीदारांनी केलेले. त्यांच्या गाण्यामुळे एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली असा खटला. त्या कामगाराच्या बायकोची साक्ष आठवा. नवऱ्याला काही साधनं मिळायची का, तर नाही. आत वायू आहे की नाही हे कसं कळायचं? खडा टाकायचा आणि झुरळ बाहेर येतं का ते बघायचं. झुरळ आलं म्हणजे आत हवा आहे. हे ती रेशनची यादी सांगावी तशा आवाजात सांगते. ती भूमिका करणारी बाई पेशाने अभिनेत्री नाही, तिच्या आयुष्यातही हेच घडलेलं आहे.

तिच्या चेहऱ्यावर भ्रमनिरास शोधून दाखवा. नाहीच. न्याय मिळेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. भ्रमनिरास होतो तो बघणाऱ्याचा, आपला. आपण समजत होतो की न्यायालय म्हणजे जोरदार भाषणं आणि हातोडा, आणि इथे सरकारी वकीलबाई कलमं वाचताहेत, संध्याकाळी लोकलने घरी जाऊन स्वयंपाक करताहेत.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री १०:०२

वाटसरू, हा मुद्दा मी हलका मानत नाही. आमच्या खोलीत हेच दृश्य लावलं होतं. आमच्यात एक जण नगरपालिकेच्या सफाई विभागातून निवृत्त झालेले आहेत. साक्ष संपल्यावर सगळे गप्प होते. ते म्हणाले, 'आम्ही काडी पेटवून सोडायचो.' मग अर्धा तास फक्त तेच बोलले, आम्ही ऐकलं. इतक्या शनिवारांत ते पहिल्यांदाच इतकं बोलले.

तेव्हा 'अर्थाचा शोध' हा शब्द त्या बाईला लावायला मलाही जड जातं. पण दृश्याने त्या खोलीत काहीतरी केलं एवढं मी बघितलं.

त्याच सिनेमात सुट्ट्या लागल्यावर न्यायालयाची खोली रिकामी होते आणि दिवे एकेक करून मालवले जातात. मग बराच वेळ अंधार. सिनेमा संपला असं समजून लोक उठायला लागतात. आणि मग सहलीला गेलेले न्यायाधीश, बाकावर डुलकी, पोरं ओरडून उठवतात, एकाच्या कानाखाली बसते, आणि पुन्हा झोप. तो अंधार मी घड्याळ लावून कधी मोजला नाही, पण दरवेळी वाटतो त्यापेक्षा लांब असतो.

अभ्यासिका_खुर्ची१७ | सोमवार, मध्यरात्री १:५५

इथे पहिल्यांदाच लिहितोय. वाचत असतो बरेच दिवस.

वाटसरू दादा, भ्रम फक्त पोट भरलेल्यांनाच असतो असं नाही. माझे वडील ग्रामसेवक होते, आता निवृत्त. अडीच एकर कोरडवाहू. मी पुण्यात सहा वर्षं स्पर्धा परीक्षा करतोय. दोनदा पूर्व गेली, दोनदा मुख्यपर्यंत पोचलो, एकदा मुलाखत देऊन सात गुणांनी राहिलो. वय एकतीस. कॉट बेसिसवर राहतो, खोलीत चौघं. अभ्यासिकेत माझी खुर्ची १७ नंबरची, खिडकीजवळची. ती मिळायला दोन वर्षं लागली होती. त्या खुर्चीचं मला किती अप्रूप होतं हे आता कुणाला सांगवत नाही.

'द डिसायपल' मी मोबाइलवर बघितला, खोलीतले झोपल्यावर, पांघरुणात. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण शरद चोवीसचा असतो आणि एकदम छत्तीसचा होतो, मधली बारा वर्षं सिनेमा दाखवतच नाही. ते बघून माझ्या पोटात गोळा आला. कारण माझीही सहा वर्षं अशीच गेलीत. दाखवण्यासारखं काही नाही. रोज तेच: आठला अभ्यासिका, दुपारी मेस, चहाच्या टपरीवर कटऑफची चर्चा, रात्री मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका. माझ्या बरोबरचे काही साहेब झाले, काही गावी गेले, एकाने आमच्याच पेठेत मेस टाकली.

शरदच्या कानात जसा माईंचा आवाज, तसा आमच्याही कानात असतो. निवड झालेल्यांची भाषणं. चालताना, जेवताना, झोपताना. त्याग करा, एकटे राहा, फोन बंद ठेवा, सणाला घरी जाऊ नका. मी तीन दिवाळ्या गेलो नाही.

मला विचारायचंय ते शेवटच्या दृश्याबद्दल. शरद लोकलमध्ये बसलाय, सोबत बायको आणि लहान मुलगी. गाणं सुटलेलं आहे, एका मैफलीतून तो मध्येच उठून गेलेला आहे. डब्यात एक माणूस वाद्य वाजवत, गात पैसे मागत येतो. आणि सिनेमा संपतो. तो हरला का? मी हे दृश्य अकरा वेळा बघितलं. कधी वाटतं हरला, कधी वाटतं सुटला. कृष्णाकाठ काका, तुम्ही गाणं सोडलंय, तुम्हाला काय वाटतं खरंखुरं सांगा.

निरभ्र | सोमवार, सकाळी ६:४०

खुर्ची१७, तुझा प्रतिसाद सकाळी उठल्याबरोबर वाचला. मी समुपदेशक आहे, म्हणून एक विचारते आणि सरळ विचारते: झोप लागते का? जेवण जातं का? जगणं नकोसं वाटतं का? इथे उत्तर द्यायची गरज नाही, पण ह्यातलं काही 'हो' असेल तर आजच कुणाशी तरी बोल. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा सरकारी क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

बाकीच्यांसाठी एक कामाची गोष्ट. मी गटांमध्ये दृश्यं वापरते. स्वतःच्या दुःखावर थेट बोलायला जीभ रेटत नाही, तेव्हा पडद्यावरच्या माणसाबद्दल बोलता येतं. 'तो का थांबला असेल?' याचं उत्तर देताना माणूस अर्ध्या वेळेला स्वतःबद्दलच सांगतो. पण सिनेमा म्हणजे उपचार नव्हे. ज्याची जखम ताजी आहे त्याला जीव देण्याची दृश्यं दाखवू नयेत, आणि एकट्याने मध्यरात्री पांघरुणात अकरा वेळा बघणं हे सोबत बसून एकदा बघण्यापेक्षा वेगळं असतं. दृश्य संपल्यावर समोर कुणीतरी असायला हवं, चहा ठेवणारं का होईना.

अभ्यासिका_खुर्ची१७ | सोमवार, सकाळी ११:२०

ताई, काळजीबद्दल धन्यवाद. तसं टोकाचं काही नाही. झोप मात्र नीट नाही. क्रमांक लिहून ठेवलाय.

कृष्णाकाठ | सोमवार, संध्याकाळी ७:५०

बाळा, दिवसभर तुझाच प्रश्न डोक्यात होता. खरंखुरं सांग म्हणालास, तसं सांगतो.

मी ते दृश्य पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तो हरलेला दिसला. आमच्या गटात दाखवलं तेव्हा वाद झाला. निम्मे म्हणाले, तो गाणारा म्हणजे शरदला न मिळालेलं सगळं: ना घराणं, ना गुरू, तरी गातोय. निम्मे म्हणाले, नाही, तो एक पोटासाठी गाणारा माणूस आहे, आणि शरद त्याच्याकडे पहिल्यांदाच उगाच मोठं काही न शोधता बघतोय. शरदच्या चेहऱ्यावरून निकाल लागत नाही, दिग्दर्शकाने तो लावूही दिलेला नाही.

मग मी घरी येऊन माझंच बघितलं. गाणं सोडल्यावर पहिली दोन वर्षं मी रेडिओ लावला नाही. मैफलींना गेलो नाही. रस्त्यात गुरुभाऊ दिसला तर गल्ली बदलायचो. आवडत नव्हतं म्हणून नाही, लाज वाटत होती म्हणून. तिसऱ्या वर्षी शेजारची पोरगी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी घरात पेटीवर काहीतरी बडवत होती आणि गंधार सारखा चुकत होता. मी स्वयंपाकघरातून ओरडलो, 'कोमल, कोमल घे!' तिने घेतला. बरोबर लागला. बायको माझ्याकडे बघत राहिली. इतकंच झालं. त्या दिवशी मला पहिल्यांदा गाणं नुसतं ऐकू आलं, मी त्यात कुठे आहे हे न तपासता.

म्हणून आता मला त्या डब्यात शरदचे कान दिसतात. छत्तीस वर्षांचा माणूस, आणि कदाचित पहिल्यांदाच तुलना न करता ऐकतोय. 'कदाचित' म्हणालो, कारण माझी खात्री माझ्यापुरती आहे.

पण तुझं आणि शरदचं एक नाही, हेही बघ. त्याचं जे सुटलं ते गाणं होतं, लहानपणापासून रक्तात घातलेलं. तुझं काय सुटतंय? पद? की घरी सांगता येईल असं काहीतरी? हे मला विचारू नकोस, तुलाच विचार.

दर्यावर्दी | सोमवार, रात्री ११:३०

मस्कतहून लिहितोय. इथे रात्रपाळी करतो. माझं दृश्य 'अपूर संसार' (१९५९). बायको बाळंतपणात गेल्यावर अपू भटकत डोंगरावर येतो. हातात त्याच्या कादंबरीचं हस्तलिखित, ज्यावर त्याचा सगळा जीव. पहाटेच्या उजेडात तो कागद सोडून देतो आणि पानं दरीत उडत जातात. तो फेकत नाही, हातातून सुटू देतो. सत्यजित रायनी फेकायला लावलं असतं तर राग दिसला असता. इथे राग पण उरलेला नाही.

आणि शेवटी ज्या मुलाला बघायलाही तो गेला नव्हता, त्या काजलला खांद्यावर घेऊन निघतो. मी माझी मुलगी पाच महिन्यांची असताना इकडे आलो. सुट्टीत गेलो तेव्हा ती माझ्याकडे यायला तयार नव्हती, दाराआडून बघायची. काजल अपूला दगड मारतो ना, ते बघताना माझा हात आपोआप कपाळाकडे गेला होता.

मृद्गंध | मंगळवार, सकाळी ८:२५

दर्यावर्दी, आता येते का जवळ?

दर्यावर्दी | मंगळवार, सकाळी ८:५१

हो. आता फोन ठेवू देत नाही.

वाटसरू | मंगळवार, सकाळी १०:१०

खुर्ची१७, माझं बोलणं तुला लागलं असेल तर माफ कर. भ्रम न परवडणाऱ्या घरातच तो जास्त महाग पडतो, हे मी विसरलो होतो. माझा धाकटा भाऊही चार वर्षं त्याच पेठेत होता.

जुईताई, 'इकिरू'च्या उत्तरार्धाबद्दल लिहा ना. तो तेराव्यासारखा लांबलेला भाग मला कंटाळवाणा वाटला होता.

जुई_बेळगाव | मंगळवार, दुपारी ३:१५

कंटाळवाणा नाही हो! पाच महिन्यांनी वातानाबे मेला असं निवेदक सांगून टाकतो आणि मग त्याच्या फोटोसमोर कचेरीतली माणसं बसून पितात. बागेचं श्रेय वरिष्ठ घेऊन मोकळे. मध्येच वस्तीतल्या बायका येतात, उदबत्ती लावतात, हमसून रडतात, काही न बोलता जातात. त्या वेळी साहेबलोकांच्या माना बघा, सगळ्या खाली. पुढे दारूच्या भरात सगळे शपथा घेतात की आता आम्हीही असंच काम करू. दुसऱ्या दिवशी तोच अर्ज, तीच टोलवाटोलवी. एक जण चिडून उभा राहतो. मग बसतो, आणि कागदांच्या ढिगाआड दिसेनासा होतो. हे इतकं खरं आहे की मला त्या जागी आमच्या कचेरीतली माणसं नावानिशी दिसतात.

झोपाळ्याचं दृश्य त्या बैठकीतच येतं, एका पोलिसाच्या आठवणीतून. रात्र, बर्फ पडतोय, बाग तयार आहे आणि म्हातारा झोपाळ्यावर बसून गाणं म्हणतोय. तेच गाणं त्याने आधी दारूच्या गुत्त्यात म्हटलेलं असतं, तेव्हा डोळ्यांतून पाणी. आता तेच शब्द, तोच घोगरा आवाज. ताकाशी शिमुरा तेव्हा पन्नाशीचेही नव्हते, खरं वाटत नाही.

खुर्ची१७, तुझे वडील ग्रामसेवक होते म्हणालास. त्यांच्यासोबत बघ. शिक्क्याचं दृश्य त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

खर्ज | बुधवार, रात्री ८:००

कृष्णाकाठ, गंधाराची गोष्ट वाचून मी आज तानपुऱ्याच्या तारा बदलल्या. चारही गंजल्या होत्या. जोड लावताना बोटाला तार लागली, रक्त आलं. बाकी बोलण्यासारखं काही नाही.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ८:४०

खर्ज, जवारी, म्हणजे तारांखालच्या घोडीची घासाई, बघून घ्या, इतक्या दिवसांनी उतरली असेल. मिरजेला नेलात तर सतारमेकर गल्लीत काढून देतात. चला म्हणालात तर मीही येतो.

अभ्यासिका_खुर्ची१७ | रविवार, रात्री ११:१०

शुक्रवारी रात्रीच्या एसटीने गावी आलो. अचानक आलो म्हणून आई घाबरली. पेपर कधी आहे, विचारलं. म्हटलं, नाही, सहज आलो.

जुईताई, काल रात्री आण्णांसोबत 'इकिरू' बघितला. मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला होता. जपानी त्यांना कुठून कळणार, खालची अक्षरं मी वाचून मराठीत सांगत होतो. शिक्क्याचं आलं तेव्हा मी मुद्दाम गप्प बसलो. आण्णा म्हणाले, 'पॅडला शाई जास्त झाली की असंच होतं. आम्ही चिंधी ठेवायचो.' मग जरा वेळाने, 'कसला कागद होता रे तो?' सांगितलं. त्यांनी मोबाइल थांबवायला लावला. त्यांच्या पहिल्या गावात त्यांनी पाणवठ्याजवळ बायकांना कपडे धुवायला दगडी ओटा मंजूर करून घेतला होता, त्यासाठी पंचायत समितीत सतरा खेपा मारल्या होत्या. हे मला एकतीस वर्षांत माहीत नव्हतं. ओटा अजून आहे म्हणाले.

अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो ते बघून त्यांनी प्रत्येक टेबलाला आपल्याकडचं नाव दिलं. आईसुद्धा येऊन बसली. मी त्यांना परीक्षेचं सांगायचं ठरवून आलो होतो, पण तो विषय निघाला नाही. सोमवारी शेतात बरोबर चल म्हणालेत, तेव्हा बघू.

बैठकीच्या भागात आण्णांना झोप लागली. मी आवाज कमी करून पुढे बघत राहिलो. झोपाळा आला, बर्फ आला, गाणं संपलं. मोबाइल बंद करताना उजेड गेला तसे ते जागे झाले आणि अंधारातच विचारलं,

'बाग झाली का रे?'

'झाली,' म्हटलं.

'मग ठीक आहे,' म्हणाले, आणि कूस बदलून झोपले.